चुंबकाला न चिकटणारं बीड

मी सातवीच्या मुलांच्या वह्या तपासत बसले होते तेव्हा हे बोईसरहून आले. चप्पलही न काढता त्यांनी पिशवीतून एक काळा तुकडा काढला आणि माझ्यापुढे, वह्यांवरच ठेवला.

"हे बघ आपलं बीड."

मी तो उचलला. हाताला हलका लागला. शेजारी पेन्सिल तासायचा चाकू पडला होता. त्याचं टोक सहज त्या तुकड्याला लावलं तर ते सुरणात जावं तसं आत गेलं. पात्यावर काळी, बुळबुळीत भुकटी आली. ती बोटावर घेऊन कागदावर ओढली, तर शिसपेन्सिलीची उठते तशी रेघ उठली.

"हे बीड नाहीये," मी म्हटलं.

"बीडच आहे. आपणच ओतलंय. नारळी पौर्णिमेला बसवलं, आणि आज दिवाळीच्या तोंडावर हे असं."

साठच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. पालघरला आमची लहानशी फाउंड्री होती. दोन पत्र्याच्या शेड, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, एक भट्टी, मुशीत धातू वितळवायची दुसरी एक छोटी भट्टी, आणि बाहेर काळ्या वाळूचे ढीग. यांनी मुंबईत एका मोठ्या फाउंड्रीत बरीच वर्षं काढली होती आणि मग स्वतःचं काही करायचं म्हणून इथे आले होते. भातगिरण्यांचे भाग, ऑइल इंजिनांची चाकं असं काम चालायचं. मी रसायनशास्त्राची पदवीधर. गावातल्या हायस्कूलात विज्ञान शिकवायचे. तेव्हा तारापूरला वीजप्रकल्पाचं बांधकाम जोरात होतं, आणि हाताला जरा कसब असलेला माणूस उठून तिकडे जात होता. आमच्याकडे वाळूचे साचे करणारा कायमचा असा एकच मोल्डर उरला होता. तो सांगलीकडचा होता आणि त्याला समुद्राची हवा सोसत नव्हती, असं तो रोज सांगायचा.

तो तुकडा होता पंपाच्या पंख्याचा. पंपाच्या पोटात पाकळ्यांचं जे चाक फिरून पाणी पुढे ढकलतं, त्याला आम्ही पंखा म्हणायचो. पंप होता चिंचणीच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका बर्फाच्या कारखान्यातला. कारखान्यात अमोनियाची यंत्रं होती, आणि ती थंड ठेवायला खारं पाणी लागायचं. भरतीला खाडीचं पाणी एका मोठ्या टाक्यात घ्यायचं, आणि ओहोटीला खाडीत नुसता चिखल उरला की तेच पाणी यंत्रांवरून फिरवत राहायचं. पंप बंद पडला की यंत्रं बंद, बर्फ बंद. मग होड्या किनाऱ्याला लागल्या की पापलेटसुद्धा मीठ लावून सुकत टाकायची पाळी यायची.

मूळ पंखा पंपाबरोबर विलायतेहून आलेला. तो कित्येक वर्षं चालला, आणि एकदा पाण्याबरोबर आत शिरलेल्या बोल्टानं फुटला. पंप बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. मालकानं आधी पितळेचा पंखा बसवून बघितला. पण अमोनिया कुठेतरी थोडाथोडा झिरपून त्या फिरत्या पाण्यात मिसळायचा, आणि अमोनियापुढे पितळ टिकत नाही. तो पंखा हिरवानिळा होऊन झडला. मग मालक आमच्याकडे आला. आम्ही भात सडायच्या यंत्राचं चाक ओतावं तसा साध्या बिडाचा पंखा ओतून दिला.

त्या बिडातलं लोखंड खाऱ्या पाण्यानं खाऊन टाकलं होतं आणि लोखंडाच्या आत पानापानांनी पसरलेलं ग्राफाइट तेवढं मागे ठेवलं होतं. आकार जसाच्या तसा होता. त्या आकारावर आमच्या फाउंड्रीची खूणही शाबूत होती. आत लोखंड नव्हतं.

"मालक काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, मी लोखंड मागितलं होतं, तुमी कोळसा दिला."

यांनी मुंबईला जाऊन धातूंच्या एका व्यापाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "अहो, खाऱ्या पाण्याला निकेलचं बीड लागतं. विचारायचं तरी आधी!" हे खूश होऊन परतले. आम्हाला वाटलं, नाव कळलं म्हणजे वस्तू कळली. त्या नावानं पुढे वर्षभर आमचा जो छळ केला, तो आठवला की अजून माझे दात शिवशिवतात.

व्यापाऱ्यानं निकेलचे थोडे दाणे दिले होते आणि किती घालायचं तेही सांगितलं होतं. शंभर भागांत एक-दोन भाग. ते घालून ओतलेला पंखा देखणा निघाला. लेथवर मऊ चालला, कड सुरेख आली, मोल्डरनं त्याला कौतुकानं थोपटलं. होळीपर्यंत पाकळ्यांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या. मालकानं तो पंखा बैलगाडीतून बोईसरला आणि तिथून रेल्वेनं पालघरला पाठवला. सोबत निरोप, "तुमचा तुमी ठेवा."

हे परत मुंबईला गेले. तोच व्यापारी म्हणाला, "मग तुम्हाला कडक निकेलचं बीड हवंय. वाळूनं झिजतंय ते. खाडीच्या पाण्यात वाळू असणारच." या वेळी त्यानं तयार पाट्याच दिल्या, निकेल आणि क्रोमियम घातलेल्या. वितळवून ओतलं. थंड झाल्यावर मोल्डरनं कानस लावली, तर कानसच घासली गेली. आतून तो धातू खडूसारखा पांढरा होता. लेथवरच्या आमच्या टर्नरनं भोक मोठं करायला घेतलं आणि हत्यारामागून हत्यार मोडलं. शेवटी तो लेथ बंद करून हात पुसत बाहेर आला आणि यांना म्हणाला, "साहेब, हे काचेचं काम आहे, माझं नाही."

तरी घासूनपुसून, सहाणेवर चंदन उगाळावं तसं उगाळून तो पंखा कसाबसा मापात आणला. हे स्वतः घेऊन गेले. सुटीचा दिवस होता म्हणून मीही गेले. कारखान्याच्या फिटरनं तो दांड्यावर चढवला आणि बसवायला लाकडी ठोकळ्यानं दोन हलके ठोके मारले. दुसऱ्या ठोक्याला पंख्याचे तीन तुकडे झाले. आवाज चिनीमातीची बरणी फुटल्यासारखा झाला.

मालक खाली वाकला, एक तुकडा उचलून उन्हात धरून बघितला आणि मला म्हणाला, "बाई, तुमी शाळेत शिकवता ना? मला एक सांगा. पहिल्यांदा मऊ पडला तो बीड, दुसऱ्यांदा कुरतडला तो निकेलचा बीड, आणि आता फुटला तोही निकेलचा बीड. मग माझा जो इतकी वर्षं चालला, तो काय होता?"

बाहेर कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन बर्फाची वाट बघत बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं आत डोकावून जमिनीवरचे तुकडे बघितले आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं. त्यांच्या हसण्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत आमच्या मागे आला.

घरी आल्यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "अहो, तो व्यापारी जे आहे ते विकतो. त्याला पंप माहीत नाही, खाडी माहीत नाही. आधी जुना पंखा काय होता ते बघायला नको का?"

"जुना पंखा भंगारात गेला. कुठून आणू?"

"कुठल्या भंगारात? विचारलंत?"

त्यांनी विचारलं नव्हतं. मधल्या काळात आम्ही नाइलाजानं साध्या बिडाचेच पंखे ओतून देत होतो. एक मऊ पडला की दुसरा बसवायचा. मालक प्रत्येक वेळी नव्यानं चिडायचा आणि आम्ही नव्यानं खाली मान घालायचो.

मे महिन्याच्या सुटीत मी एकटीच चिंचणीला गेले. फिटरला विचारलं, जुना पंखा फुटला तेव्हा तुकड्यांचं काय केलं? त्यानं डोकं खाजवलं. छोटे तुकडे फेकले, म्हणाला. मोठा तुकडा एका होडीवाल्या मावशीनं मागून नेला होता. मधल्या भोकात दोर चांगला ओवला जातो म्हणून.

पावसाळा तोंडावर आल्यामुळे होड्या वर ओढून शाकारायचं काम चाललं होतं. मावशी होडीच्या सावलीत जाळं विणत बसली होती. तिच्या शेजारी वाळूत दोराच्या वेटोळ्याला बांधलेला तो तुकडा पडला होता. पाच पाकळ्यांपैकी तीन शाबूत. वरून शिंपले आणि चुन्याचे खडे चिकटलेले. मी खाली बसले आणि दगडानं एक शिंपला उडवला. खाली करडा, घट्ट धातू. नखाला लागेना, चाकूला लागेना.

"किती वर्षं पाण्यात आहे हा?" मी विचारलं.

"लय झाली. होडी बांदतो त्याला. नांगर हाय तो आमचा."

"मावशी, मला द्याल? थोडे दिवस?"

"आन होडी कशाला बांदू?"

"आमची पालघरला फाउंड्री आहे. तुम्हाला नवा करून देते. याच्याहून जड."

तिनं जाळ्यातली सुई थांबवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "बर्फवाल्याला पंखा देतात ते तुमीच काय? नाय बाय. तुमचा लोखंड पाण्यात विरघलतो."

शेवटी ठरलं ते असं. मी आधी नांगर आणायचा, तो दगडापेक्षा जड असायचा, आणि विरघळला तर हा तुकडा परत द्यायचा. पुढच्याच आठवड्यात मी भोक असलेला बिडाचा एक भरीव गोळा घेऊन गेले. एवढा जाड गोळा विरघळायला एक पिढी लागली असती, तेवढं मला तोवर कळलं होतं. मावशीनं तो दोन हातांनी उचलून बघितला, वाळूत टाकला आणि विलायती तुकड्याचा दोर सोडून दिला.

तो तुकडा मी शाळेच्या प्रयोगशाळेत नेला. पहिली गोष्ट केली ती कपाटातला नालाच्या आकाराचा चुंबक लावून बघितला. चिकटला नाही. उलटसुलट करून पाहिला, दुसरा चुंबक आणला. नाहीच. हे माझ्याबरोबर आले होते. ते म्हणाले, "झालं! म्हणजे हे लोखंडच नाही. काशाचाच कुठला तरी प्रकार आहे. इतके दिवस फुकट गेले."

"काशाचं असतं तर अमोनियानं खाल्लं असतं."

"मग काय आहे?"

मी कानस लावली. करडा कीस पडला. तो चिमटीत चोळला तर बोटं ग्राफाइटनं काळी झाली. ग्राफाइट म्हणजे बीड. आणि चुंबक तर चिकटत नाही. पुस्तकात एक ओळ कधीतरी वाचली होती, की लोखंडात निकेल फार वाढलं की त्याची आतली घडणच बदलते आणि ते चुंबकाला दाद देत नाही. पण फार म्हणजे किती? आम्ही घातलं होतं त्याच्या दुप्पट? दहापट?

निकेल ओळखायची एक खास पूड असते. ती शाळेत नव्हती. मुंबईच्या कॉलेजातल्या माझ्या जुन्या बाईंकडून मी ती मागून आणली. मुख्याध्यापकांनी सुटीत प्रयोगशाळा उघडण्याबद्दल आठ्या घातल्या. शाळेचं आम्ल कारखान्याच्या कामाला वापरता का, असं विचारलं. मी आम्ल स्वतःच आणते म्हटलं तेव्हा किल्ली मिळाली. कीस आम्लात विरघळवला, गाळला. लोखंड मध्ये येऊन गोंधळ करू नये म्हणून त्यात लिंबूसत घालावं लागतं, ते स्वयंपाकघरातल्या बरणीतून नेलं. मग अमोनिया. मग ती पूड मद्यार्कात कालवून त्याचे थेंब टाकले.

नळीत एकदम लाल साका धरला. डाळिंबाच्या दाण्याचा लाल. इतका दाट, की नळी हलवली तरी हलेना. आमच्या दुसऱ्या पंख्याचा कीस मी शेजारच्या नळीत तसाच तपासला होता. तिथे नुसती गुलाबी झाक आली होती. हे दोन्ही नळ्यांकडे बघत उभे राहिले.

"म्हणजे हाही निकेलचं बीड आणि तोही निकेलचं बीड," ते म्हणाले. त्यांचा आवाज रडकुंडीला आल्यासारखा होता.

बाईंनी तुकड्याचं नीट वजनावर पृथक्करण करून दिलं. निकेल जवळजवळ पाचवा हिस्सा, थोडंसं क्रोमियम, तांबं नावालाही नाही. त्यांनी हेही समजावलं, की याच जातीचं दुसरं एक बीड असतं. त्यात निकेल थोडं कमी आणि तांबं बरंच असतं. तेही खाऱ्या पाण्यात टिकतं. पण तुमच्या पाण्यात अमोनिया आहे, तर तांब्याच्या वाटेला जाऊ नका. एका नावाखाली चार धातू, आणि चौघांचे स्वभाव चार! आम्ही गल्लीत उभं राहून नुसती आडनावानं हाक मारत होतो, आणि प्रत्येक वेळी भलत्याच घराचं दार उघडत होतं.

वाटलं, आता संपलं. कळलं काय हवं ते. पण ते मिळायला तर हवं! निकेल सगळं परदेशातून यायचं आणि परवान्याशिवाय मिळायचं नाही. हे पावसाळाभर एका कार्यालयात खेपा घालत राहिले. तिथला कारकून विचारायचा, "याआधी तुम्ही किती निकेल वापरत होतात?"

"वापरत नव्हतो. म्हणून तर मागतोय."

"आधीचा वापर नसेल तर कोटा कसा देणार?"

"कोटा नसेल तर वापर कसा होणार?"

"ते तुम्ही बघा," कारकून म्हणायचा, आणि खरंच त्याचा त्यात काही दोष नव्हता. व्यापाऱ्याकडचे दाणे एवढ्या कामाला पुरणारे नव्हते. यांची तब्येत त्या पावसाळ्यात उतरली. जेवताना ताटाकडे बघत बसायचे. एकदा मोल्डर म्हणाला, "मालक, रुपायाचं नाणं निकेलचंच हाय की. टाका मुशीत." हे क्षणभर खरंच विचारात पडलेले मी पाहिले. मग म्हणाले, "सरकारचा रुपया वितळवून सरकारी तुरुंगात जायचं, एवढंच राहिलंय." त्या दिवशी बऱ्याच आठवड्यांनी घरात कुणीतरी हसलं.

भंगाराची कल्पना यांची. जुनी जहाजं मोडतात तिथे समुद्राच्या पाण्याचे पंप निघत असणार, म्हणाले. त्यात हे बीड असणार. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं मुंबईला दारूखान्यात, जहाजं मोडतात त्या बंदरावर, गेलो. माझ्या पिशवीत चुंबक, कानस, आम्लाची छोटी बाटली, आणि त्या पुडीच्या द्रावणात भिजवून वाळवलेले कागदाचे तुकडे. नऊवारी नसली तरी पदर खोचलेली बाई भंगाराच्या ढिगात चुंबक लावत फिरते आहे, हे दृश्य तिथल्या लोकांना नवीन होतं. एक भंगारवाला खाटेवरून उठून आमच्या मागेच फिरू लागला. "लोहा है, बाई, लोहा," तो म्हणायचा. "चिपकेगा ही." आणि चिकटायचंच. दिवसभर चिकटत राहिलं. पंपांची पोटं, झडपा, नळांचे सांधे. सगळं साधं बीड, सगळं चुंबकाला घट्ट.

दुसऱ्या दिवशी एका वाड्यात एक मोठं, जाड झाकण सापडलं. चुंबक सरळ घसरून खाली पडला. यांनी माझा हात धरला. मी कानशीनं जागा उजळली, आम्लाचा थेंब टाकला, कागद लावला. लाल! मग त्याच थेंबात पाणी घालून चाकूचं स्वच्छ पातं बुडवलं आणि वाट बघितली. पात्यावर हळूहळू तांबूस मुलामा चढला.

"तांबं आहे," मी म्हटलं.

"असू दे."

"अहो, बाईंनी सांगितलंय—"

"असू दे म्हणतो ना!" हे ओरडलेच. भंगारवाला दोन पावलं मागे सरकला. "वर्ष उलटलं. तो मालक मला रस्त्यात बघून थुंकतो. हे निकेलचं आहे, चुंबकाला चिकटत नाही, खाऱ्या पाण्यात टिकतं. आणखी काय पाहिजे तुला?"

"मूळ तुकड्यात तांबं नव्हतं. ते का नव्हतं हे मला शपथेवर सांगता येणार नाही. पण नव्हतं. हा चौथा पंखाही फसला तर पुन्हा मी तुमच्याबरोबर त्या कोळणींसमोर उभी राहणार नाही."

ते तसेच ढिगावर बसले आणि रुमालानं तोंड पुसत राहिले. मलाही रडू येत होतं, पण रागानं. मी चुंबक उचलला आणि पुढच्या ढिगाकडे गेले. उन्हं कलायच्या आधी, एका फुटक्या पंपाच्या कवचाचे चार तुकडे मिळाले. चुंबक लागला नाही, कागद लाल झाला, पातं स्वच्छ राहिलं. मी यांना हाक मारली नाही. चाकू घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी पात्याच्या दोन्ही बाजू बघितल्या आणि भंगारवाल्याला बोलावलं. बाईंकडून त्याचंही पृथक्करण करून घेतलं. मूळ तुकड्याशी जवळजवळ जुळलं. जे थोडं कमी होतं ते व्यापाऱ्याकडच्या दाण्यांनी भरून निघणार होतं.

ओतायच्या दिवशी मी रजा घेतली. छोट्या भट्टीत कोक रचून, भाता लावून, मुशीतला धातू पांढराशुभ्र होईपर्यंत तापवला. तो साच्यात शिरताना नेहमीच्या बिडापेक्षा वेगळा, जरा आळसटल्यासारखा वाहिला. साचा फोडला तेव्हा पाकळ्या सगळ्या पूर्ण आलेल्या. पण मधल्या जाड भागात अंगठा जाईल एवढी पोकळी, आणि सगळा पंखा मापाहून लहान.

मोल्डर म्हणाला, "ह्याच्या अंगात भूत हाय." आणि वाळूवर फतकल मारून बसला. इतकी आम्लं, इतके कागद, इतकी पायपीट करून धातू ओळखला. आणि ओळख पटली तरी तो आमचं ऐकत नव्हता.

पण हे त्या दिवशी शांत होते. त्यांनी पंखा उलटा केला, पट्टी लावून मापं घेतली आणि स्वतःशीच मान हलवली. हे बीड थंड होताना साध्या बिडापेक्षा जास्त आक्रसतं, म्हणाले. पोलादासारखं वागवायला हवं. वाळूत ठसा उठवायचा लाकडी फर्मा थोडा मोठा करायचा, आणि जाड भागाच्या डोक्यावर जादा धातूचा चांगला मोठा साठा ठेवायचा, म्हणजे आतला धातू आक्रसेल तसा वरून रस मिळत राहील. हे काम त्यांचं होतं आणि ते त्यांना येत होतं. फसलेला पंखा फोडून पुन्हा मुशीत घातला. दुसऱ्यांदा साचा फोडताना मी शेडच्या बाहेर उभी होते. आत कुणी ओरडलं नाही म्हणून आत गेले. हे पंखा टांगून लहान हातोडीनं ठोकून बघत होते. आवाज भरीव होता.

टर्नरनं भोक मोठं केलं. हत्यार मोडलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास आम्ही दोघं पंखा घेऊन खाडीकाठी गेलो. फिटरनं तो ठोकळ्यानं ठोकून बसवला तेव्हा मी दाराकडे तोंड करून उभी होते. पंप चालू झाला, पाणी यंत्रांवर चढलं. पहिल्या लाद्या निघाल्या तेव्हा बाहेर कोळणींची गर्दी होती. मालकानं हात वर करून त्यांना सांगितलं, "आता चिंता नाय! मुंबईहून खास माल मागवलाय."

"पालघरचा आहे," मी म्हटलं. पंपाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणणार होते, पण यांनी माझ्या कोपराला हात लावला.

तो पंखा पुढे कारखाना चालू होता तोवर चालला, हे मला नंतर फिटरकडून कळत गेलं. वर्षातून एकदा पंप उघडला की तो आवर्जून निरोप पाठवायचा, "हाय तसाच हाय." अशा कामाची दुसरी मागणी मात्र आम्हाला तिथून कधी आली नाही. येणार कशी? झिजला असता तर आली असती. सांगलीचा मोल्डर त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तारापूरच्या कामावर गेला, समुद्राच्या आणखी जवळ.

पंखा बसवला त्या दिवशी बोईसरला गाडीची वाट बघत आम्ही फलाटावर बसलो होतो. प्रकल्पावरचे कामगार हिंदीत मोठमोठ्यानं गप्पा मारत होते. मी मुंबईच्या मालावरून धुसफुसत होते. सव्वा वर्षाचा राग एका वाक्यावर येऊन बसला होता. हे मग म्हणाले, "तुला सांगायचं राहिलं. प्रकल्पाच्या एका कंत्राटदाराची मागणी आलीये. गटाराची झाकणं. पुष्कळ आहेत."

"कसली?"

"बिडाची."

"कुठल्या बिडाची?"

"साध्या. अगदी साध्या."

"पाण्यात राहणार आहेत का ती? खाऱ्या?"

"नाही गं. रस्त्यावर."

मी त्यांना तेच आणखी एकदा विचारलं. त्यांनी न चिडता तेच उत्तर दिलं. मग गाडी आली आणि आम्ही उठलो.